धंदा करताय? मग डोक्याच्या तब्येतीबद्दल बोलायला शिका



आज जीएसटी नाही, मुद्रा लोन नाही, रील्स कशा बनवायच्या तेही नाही. गेल्या बॅचमध्ये खेळत्या भांडवलाचा भाग संपला आणि पापड-मसाल्याचा उद्योग सुरू करणाऱ्या एका ताईंनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, पैसे किती लागतील ते कळलं. पण आत्तापासूनच रात्री झोप लागत नाही, त्याचं काय करायचं?" बाकीचे हसले. ताई हसत नव्हत्या. तिथे दहा मिनिटांत जमलं तेवढं सांगितलं, पूर्ण उत्तर इथे लिहितोय. लेख मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो, म्हणजे हा माणूस कुठून बोलतोय ते कळेल.

माझं सांगलीत स्टेशनरीचं दुकान आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दुकानात वह्या आणि कागदाच्या रिमा भरलेल्या होत्या. भांडी भिजली तर धुता येतात, कापड भिजलं तर सेलमध्ये निघतं. वही भिजली की रद्दी, आणि ओल्या रद्दीला भंगारवालापण हात लावत नाही. त्यातून जरा डोकं वर काढतोय तोवर मार्च 2020 आला. शाळा बंद. शेतकऱ्याची जशी सुगी, तसा आमचा जून-जुलै. तोच गेला. भाडं चालू, बँकेचा हप्ता पुढे ढकललेला पण व्याज चालू, आणि घरात मुलगी नुकती चालायला लागलेली.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला जे झालं ते असं. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळ्याला डोळा नाही. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, मग तो बायकोचा का असेना. बिलबुक उघडायचो, आकडे दिसायचे, बेरीज व्हायची नाही. बीबीए झालेला माणूस मी, चार बिलांची बेरीज तीनदा करायचो आणि तीन वेगळी उत्तरं यायची. दुकानात गिऱ्हाईक आलं की वाटायचं, हे का आलं. धंदेवाईक माणसाला गिऱ्हाईक नकोसं वाटणं म्हणजे काय, ते तुम्ही दुकान टाकलंत की समजेल.

घरच्यांना वाटायचं टेन्शन आहे, जाईल. मित्र म्हणायचे, पॉझिटिव्ह राहा. मोबाइल उघडला की कुणीतरी मोटिव्हेशनल सर पहाटे चारला उठायला सांगत असायचे. मी तर तीनलाच उठलेला होतो!

मग एक दिवस कोल्हापूरच्या आमच्या होलसेलर काकांचा फोन आला. त्यांचं बिल थकलं होतं, त्यामुळे फोन कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं. मी "काका, पुढच्या आठवड्यात करतो" एवढं म्हणालो असेन. ते जरा थांबले आणि म्हणाले, "अरे, बिलाचं राहू दे. तुझा आवाज बरोबर येत नाहीये. जेवतोस का नीट? झोपतोस का?" मी गप्प. मग तेच म्हणाले, "हे बघ, मी दोन वर्षांपूर्वी यातनं गेलोय. मेंदूच्या डॉक्टरकडे... म्हणजे मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. गोळ्या घेतल्या. आता बरा आहे. तूपण जा. नाव पाहिजे तर नाव देतो."

साठीला आलेला माणूस. कपाळाला गंध, गळ्यात माळ, रोख व्यवहारात एक रुपया सोडणार नाही असा. तो मला सांगतोय की मी गोळ्या घेतल्या. खरं सांगतो, त्या तीन वाक्यांनी जे झालं ते शंभर सुविचारांनी झालं नसतं. पुढच्या चार दिवसांत मी डॉक्टरांकडे बसलेला होतो. त्यांनी निवांत ऐकून घेतलं, थायरॉईड आणि बी-12 च्या रक्ततपासण्या करायला लावल्या (त्यांच्या गडबडीनेही असा थकवा येतो), आणि मग सांगितलं, डिप्रेशन आहे, बरं होतं. गोळ्यांचा गुण जाणवायला अडीच-तीन आठवडे लागले. जोडीला समुपदेशन होतं. गोळ्या काही महिने चालल्या, नंतर डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, हे तेव्हाच बजावलं होतं.

जुलै 2021 ला पुन्हा पूर आला. पाऊस तोच, नदी तीच, कर्जही होतंच. पण पाणी वाढतंय कळल्यावर मी दोन पोरं आणि एक टेम्पो घेऊन रात्रीत माल मेहुण्याच्या घरी हलवला. फरक फक्त माझ्या डोक्यात होता.

म्हणजे माझ्यासाठी मानसिक आरोग्य म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटना सांगते त्याचा मथितार्थ असा: रोजचे ताण पेलता येणं, स्वतःच्या क्षमता वापरता येणं, नीट काम करता येणं आणि आपल्या माणसांना उपयोगी पडता येणं. व्याख्या चांगली आहे, पण मी माझ्या भाषेत दुकानदारासाठी तिचं रूपांतर करून ठेवलंय. थकबाकीचा आकडा घरी मोठ्याने सांगता येतो का? फोन वाजल्यावर नाव बघून उचलता येतो का? आज भवानी झाली नाही तरी उद्या शटर वर करावंसं वाटतं का? तीनही 'हो' असतील तर मी ठीक आहे. त्यात 'सतत आनंदी असणं' कुठेही नाही. धंद्यात सतत आनंदी असणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आणि दिसला तर त्याला उधारीवर माल देणार नाही.

हे सगळं मी नवीन उद्योजकांना का सांगतोय? कारण आपल्याकडे या विषयाची चर्चा झालीच तर परीक्षेला बसलेल्या मुलांची होते, आयटीवाल्यांची होते. छोट्या धंदेवाल्याची होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2020 चा अहवाल बघा. त्या एका वर्षात देशात 11,716 व्यावसायिकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. शेती क्षेत्रातला आकडा त्या वर्षी 10,677 होता. शेतकऱ्याचं दुःख मोठं आहेच, त्यावर बोललं जातं आणि बोललंच पाहिजे. पण व्यावसायिकांचा आकडा त्याच्याही पुढे गेला, आणि आपल्या बाजारपेठेत किती जणांना हे माहीत आहे? मी विचारलं तेव्हा एकालाही नव्हतं. अशा घटनेमागे कधीच एक कारण नसतं, हे लक्षात ठेवा. पण एकटेपणा बऱ्याचदा असतो, आणि त्यावर इलाज करता येतो.

ताण कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो

नवीन धंद्यात ताण असणारच. पहिल्या महिन्यात झोप उडते, भाड्याच्या तारखेला पोटात गोळा येतो. हा आजार नाही. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचं माप सांगतात: दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, सगळं निरर्थक वाटणं. एवढं दोन आठवडे टिकलं तर दाखवून घ्यायचं. जगणं नको असा विचार आला तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं.

कुणाकडे जायचं याचा बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध तेच देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून, वेगवेगळ्या पद्धतींनी मदत करतात. गोळ्या देत नाहीत. खाजगी फी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी कधी असते ते विचारा. आणि घरबसल्या, फुकट, चोवीस तास हवं असेल तर टेलि-मानस, नंबर 14416. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ता मोबाइलमध्ये सेव्ह करा, लेख नंतर वाचा.

आणखी एक गोष्ट, ही निव्वळ धंद्याची. मन आजारी असताना माणूस पैशाचे वाईट निर्णय घेतो. खाजगी सावकाराकडून दरमहा दहा टक्क्याने पैसे उचलणं, चालतं दुकान रागारागात विकायला काढणं, पार्टनरशी भांडण, हे सगळं मी आजूबाजूला अशाच दिवसांत घडताना पाहिलंय. म्हणून माझ्या बॅचमध्ये मी एक नियम सांगतो: धंदा सुरू करतानाच घरातलं किंवा मित्रांतलं एक माणूस ठरवा, ज्याला तुमचे सगळे आकडे माहीत असतील. तुम्ही त्या अवस्थेत असाल तेव्हा ठरावीक रकमेच्या वरचा कुठलाही निर्णय त्या माणसाला विचारल्याशिवाय होणार नाही. सही करायच्या आधी फोन. बस.

बोलण्याचा उपयोग काय?

इंग्रजीत याला ॲडव्होकसी म्हणतात. ॲडव्होकेट म्हटलं की आपल्याला काळा कोट आठवतो, पण इथे कोर्टाची गरज नाही. ज्याची बाजू कुणी मांडत नाही त्याची बाजू मांडणं आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करणं, एवढाच अर्थ. होलसेलर काकांनी माझ्यासाठी फोनवर केलं तेही हेच.

पुण्यातलं एक उदाहरण देतो. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. ते काही मनोविकारांचे डॉक्टर नव्हते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. लोक अशा वेळी घराचं दार लावून घेतात. वाणींनी दार उघडलं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', ही संस्था उभी केली. 2004 मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' चित्रपट आला, त्याच्या मागेही ते उभे होते. अतुल कुलकर्णींनी त्यात केलेलं काम अनेकांना आठवत असेल. या चळवळीत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला 'शुभंकर' म्हणतात. सुरुवातीला मला हे शब्द जरा पुस्तकी वाटले होते. मग आमच्या गल्लीत एका आजारी मुलाला लोक कशी हाक मारतात ते ऐकलं, आणि वाटलं, पुस्तकी तर पुस्तकी, पण हेच शब्द चालू झाले पाहिजेत.

आता कायद्याचं बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. आधी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यातून थेट गुन्ह्याची भीती असायची. या कायद्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. कलम 21 मध्ये एक ओळ आपल्या खिशाशी संबंधित आहे: शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर आरोग्यविमा मिळतो, त्याच तत्त्वावर मानसिक आजारालाही द्यायचा. विमा नियामकाने ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तसं कळवलं.

कागदावर आलं म्हणून हातात पडलं असं होत नाही, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको. दिल्लीत एका महिलेचा दवाखान्यात भरती झाल्याचा क्लेम नाकारला गेला, कारण पॉलिसीत मानसिक आजार वगळलेला होता. त्या गप्प बसल्या नाहीत. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदा लागू झाल्यावर असं वगळता येणार नाही. एका व्यक्तीने पाठपुरावा केला, उपयोग तुमच्या-माझ्या पॉलिसीला झाला.

म्हणून तुमची पॉलिसी काढून बघा. साधारणपणे भरती झाल्यावरचा खर्च मिळतो. नुसत्या ओपीडीची फी आणि गोळ्या बऱ्याच पॉलिसींत नसतात, तिथे एजंटला लेखी विचारा. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे झालं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे तक्रार करायला फी नाही, वकील लागत नाही, आणि महाराष्ट्रात मुंबईबरोबर पुण्यातही कार्यालय आहे.

बाजारपेठेत आपण काय करू शकतो

सगळ्यांनी माइक हातात घेतला पाहिजे असं माझं म्हणणं नाही. मी चॅनलवर बोललो तो माझा निर्णय होता, घरी विचारून घेतलेला. गाव लहान असतं. सोयरिकीपासून पतसंस्थेच्या जामिनापर्यंत सगळीकडे लोक बोलतात. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि दुसऱ्याचं दुखणं त्याला न विचारता चारचौघांत सांगणं याला बाजू मांडणं म्हणत नाहीत. माझ्या काकांचं नाव इथे नाही ते त्यासाठीच.

पण काही गोष्टी नाव न सांगताही करता येतात. आमच्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत पार्किंग, अतिक्रमण आणि गणपतीची वर्गणी हे विषय वर्षानुवर्षं ठरलेले. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून अर्ज दिला की रक्तदान शिबिरासोबत मानसोपचारतज्ज्ञांचं एक तासाचं बोलणंही ठेवा. अध्यक्ष म्हणाले, "वेड्यांच्या डॉक्टरला कोण येणार हो?" पहिल्या वर्षी अकरा जण आले. त्यातले तिघे नंतर पार्किंगमध्ये डॉक्टरांना बाजूला घेऊन बोलत होते. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष स्वतः पहिल्या रांगेत बसले, आणि हमाल, काउंटरवरची मुलं यांनाही बोलवा असं तेच म्हणाले. याचा मला जास्त आनंद झाला, कारण मालकाला निदान स्वतःचं शटर बंद करता येतं. नोकराला रजा मागावी लागते. तुमच्याकडे काम करणारा मुलगा दहा दिवस गप्प असेल तर पगार कापायच्या आधी त्याला चहाला घेऊन जा.

वसुलीचा त्रास हाही याच विषयात येतो, कारण बऱ्याच जणांची झोप तिथेच उडते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात बँका आणि एनबीएफसींना बजावलंय की थकीत कर्जासाठी वसुली एजंटने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, घरच्यांसमोर किंवा मित्रांसमोर अपमान करायचा नाही. तसं झालं तर फोनची वेळ लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा, आधी बँकेकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. परवाना नसलेला सावकार छळत असेल तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. घेतलेले पैसे द्यायचेच. पण पैसे देणं लागतो म्हणून शिव्या खाणंही लागतो, असं कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

शेवटचं, त्या मसाल्याच्या ताईंबद्दल. त्यांची परवानगी घेऊन लिहितोय. त्यांनी 14416 ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी पंधरा-वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि सध्या औषधाची गरज वाटत नाही, पण झोप अशीच राहिली तर पुन्हा फोन करा म्हणाल्या. त्यानंतर ताईंनी कर्जाची रक्कम निम्म्यावर आणली, गिरणी विकत घेण्याऐवजी भाड्याने घेतली, आणि नवऱ्याला पहिल्यांदाच सगळे आकडे कागदावर मांडून दाखवले. परवा त्यांनी कांदा-लसूण मसाल्याचं पाव किलोचं पाकीट पाठवलंय. पॅकिंगवर वजन आणि तारीख छापायची राहिली आहे, तेवढं त्यांना फोन करून सांगायचंय.

पुढच्या आठवड्यात दिवाळीचा स्टॉक किती भरायचा, त्यावर बोलू.